आधी मूग, मग टोमॅटो

एकाच डब्यातले मूग दोन पातेल्यांत शिजायला ठेवले. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात पाण्याबरोबर तीन-चार टोमॅटो चिरून घातलेले. पाऊण तासाने पहिल्यातले मूग दोन बोटांत सहज चिरडतात. दुसऱ्यातले फुगलेले दिसतात, त्यांची सालही उललेली असते, पण दाताखाली ते कचकचतात. आणखी वीस मिनिटं उकळले तरी आतली कणी जात नाही. आच तीच, पाणी तेवढंच, मूग एकाच पिकाचे. मग फरक पडला कुठे?

आमटी करणाऱ्या कुणालाही याचं अर्धं उत्तर ठाऊक असतं. डाळ शिजल्याशिवाय आंबट घालायचं नाही. चिंच असो की आमसूल, ते नंतर. नियम सगळे पाळतात, पण आंबटाचं आणि डाळीचं नेमकं वाकडं काय, हे कुणी सांगत नाही.

ते समजून घ्यायला फिलिपिन्समध्ये घरोघरी होणारा ‘गिनिसांग मुंगो’ हा पदार्थ फार सोयीचा आहे. अख्खे हिरवे मूग, लसूण, कांदा, टोमॅटो, थोडी सुकी किंवा धुरावलेली मासळी आणि शेवटी शेवग्याचा पाला, एवढंच साहित्य. मोहरी नाही, हळद नाही, गरम मसाला नाही. तिखट म्हणाल तर मिरपुडीपुरतं. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कोकणातल्या घरात सापडेल, तरी हा पदार्थ उसळीसारखा लागत नाही आणि वरणासारखाही नाही. त्याचं सारं कसब क्रमात आहे. काय आधी पडतं, काय मागाहून, आणि काय अगदी शेवटच्या दोन मिनिटांत, हे कळलं की मुंगो जमला.

शुक्रवारचं जेवण

फिलिपिन्सवर १५६५ ते १८९८ अशी तीन शतकांहून अधिक काळ स्पेनची सत्ता होती. तिच्याबरोबर कॅथलिक धर्म आला आणि शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची चालही आली. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांना ती परिचयाची आहे. मांस नको, पण मासळी चालते. अशा दिवशी पोटभरीचं आणि स्वस्त असं काय करायचं, याचं उत्तर तिथल्या गृहिणींना मुगात मिळालं. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी शुक्रवारचे नियम बरेच सैल केले. तरीही शुक्रवार आला की तिथल्या घरांत, शाळा-कचेऱ्यांच्या उपाहारगृहांत आणि ‘कारिंदेर्या’ म्हणजे रस्त्याकडेच्या खाणावळींत आजही मुंगोचं पातेलं चढतं. गंमत म्हणजे अनेक जण आता त्याच शुक्रवारच्या मुंगोत डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, वरून कुरकुरीत तळलेली डुकराची कातडी, म्हणजे ‘चिचारोन’, चुरतात. नियम गेला, वार राहिला.

या पातेल्यात तीन खंडांचा माल जमतो. मूग भारतीय उपखंडात माणसाने प्रथम पिकवायला घेतले आणि इथून ते पूर्वेकडे पसरले. शेवगाही मूळचा हिमालयाच्या पायथ्याकडचा. फिलिपिन्समध्ये त्याला ‘मालुंगाय’ म्हणतात आणि तो परसदारी कुंपणाला लावलेला असतो. टोमॅटो अमेरिका खंडातला. मेक्सिकोतलं आकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ या काळात स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती, त्या वाहतुकीत अमेरिकेतली कितीतरी पिकं या बेटांवर उतरली. लसूण-कांदा-टोमॅटो तेलात परतून त्यावर पदार्थ उभा करायची पद्धत स्पॅनिश. तिला तिथे ‘गिनिसा’ म्हणतात.

पाणी आत शिरतं कुठून?

मुगाची साल दिसायला पातळ असली तरी पाण्याला सहज वाट देत नाही. तिच्या बाहेरच्या अंगाला मेणचट थर असतो आणि त्याखाली उभ्या पेशींची दाटीवाटीची रांग. दाण्याच्या कडेला एक लहानशी पांढरी खूण दिसते. शेंगेत दाणा तिथे चिकटलेला असतो. पाण्याचा पहिला शिरकाव मुख्यतः या भागातून होतो. तिथून ते सालीखाली पसरतं, साल सुरकुतते, मग आतली डाळ फुगून सुरकुत्या भरून निघतात. भिजत घातलेल्या मुगांकडे तासाभराने पाहिलं तर काही दाणे सुरकुतलेले, काही टणाटण दिसतात ते यामुळे.

काही दाण्यांत ही वाटच बंद असते. ते रात्रभर पाण्यात राहूनही कोरडे ठणठणीत राहतात, त्यांना मोड येत नाहीत, आणि उसळीत एखादा दाढेखाली आला की जेवणाराचा चेहरा सांगतो. हेच आपले गणंग. रोपाच्या दृष्टीने ती सोय आहे: सगळं बी एकाच पावसात रुजून, मग पाऊस गेला तर सगळंच मरू नये म्हणून काही दाणे मागे राहतात. मुंगोत गणंगांचा त्रास उसळीइतका होत नाही, कारण मोडांची उसळ थोडाच वेळ शिजते आणि मुंगोचे मूग चांगले पाऊण तास उकळत असतात. तेवढ्या उष्णतेने बंद वाटाही बऱ्याचशा उघडतात.

मूग न भिजवता थेट शिजत घातले तरी चालतात, राजमा किंवा छोले मात्र चालत नाहीत. कारण आकारात आहे. पाणी दाण्यात हळूहळू झिरपत जातं, आणि जाडी दुप्पट झाली की गाभ्यापर्यंत पोचायचा वेळ साधारण चौपट होतो. मूग जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा. म्हणून फिलिपिन्समध्ये बरेच जण मूग निवडून, धुऊन सरळ पाण्यात टाकतात. भिजवले तर वेळ वाचतो एवढंच.

मऊ होणं म्हणजे काय?

पाणी आत गेलं म्हणजे दाणा शिजला असं नाही. रात्रभर भिजलेला मूग फुगतो, पण कच्चाच असतो. शिजण्यात दोन वेगळ्या गोष्टी घडाव्या लागतात.

पहिली पिष्टाची. मुगाच्या प्रत्येक पेशीत पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, सूक्ष्म कण भरलेले असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान ते पाणी शोषून फुगतात आणि मऊ होतात. हे काम लवकर उरकतं.

दुसरी गोष्ट वेळ खाते. या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि चिकटवणारं द्रव्य म्हणजे पेक्टिन. रव्याचा लाडू डोळ्यांसमोर आणा. रव्याचे कण म्हणजे पेशी, त्यांना धरून ठेवणारा पाक म्हणजे पेक्टिन. लाडू कोमट दुधात टाकला की पाक विरघळतो आणि कण सुटे होतात. रव्याचा कण काही मोडत नाही, फक्त शेजाऱ्यापासून सुटतो. मूग मऊ होतो तोही असाच. उकळत्या पाण्यात पेक्टिनच्या लांब साखळ्या तुटून विरघळू लागतात, पेशी सुट्या होतात, आणि दाणा बोटांत चिरडला की त्याचं गुळगुळीत पीठ होतं.

पाक पक्का झाला तर लाडू फोडायला बत्ता लागतो. पेक्टिनचा ‘पाक’ पक्का करतं कॅल्शियम. पेक्टिनच्या दोन साखळ्यांमध्ये कॅल्शियमचा कण जाऊन बसला की त्या एकमेकींना घट्ट बांधल्या जातात. मॅग्नेशियमही थोड्याफार फरकाने तेच करतं.

आंबट, जड पाणी आणि जुने मूग

आता दुसऱ्या पातेल्याकडे वळू. पेक्टिनच्या साखळ्या उष्णतेने तुटतात खऱ्या, पण तुटण्याचा वेग पाण्याच्या आंबटपणावर अवलंबून असतो. साध्या पाण्यात त्या बऱ्यापैकी लवकर तुटतात, आंबट पाण्यात फार सावकाश. टोमॅटोचा रस चांगलाच आंबट असतो. तो सुरुवातीपासून पातेल्यात असला की पिष्ट फुगतं, दाणा भरलेला दिसतो, पण पेशी सुटत नाहीत. कचकच लागते ती न सुटलेल्या पेशींची. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जात असल्याने हा फरक कमी जाणवतो. उघड्या पातेल्यात तो लपत नाही.

‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ ही तक्रार खेडोपाडी ऐकू येते, तिचंही मूळ इथेच. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ते शिजताना दाण्यात उतरतात आणि पेक्टिनला आणखी बांधून टाकतात. अशा ठिकाणी निदान डाळी-कडधान्यांना पिण्याचं मऊ पाणी वापरावं.

तिसरा गुन्हेगार डब्यातच बसलेला असतो. दमट, उबदार हवेत वर्ष-दोन वर्षं पडलेले मूग कितीही उकळले तरी हट्ट सोडत नाहीत. कडधान्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला आपल्यापाशी धरून ठेवतं. साठवणीत हे फायटेट हळूहळू विघटित होतं, धरून ठेवलेले क्षार मोकळे होतात आणि थेट पेक्टिनकडे जातात. म्हणजे दाणा डब्यात बसल्या बसल्याच पक्का होत राहतो. कोकणातला पावसाळा आणि फिलिपिन्सची बारमाही दमट हवा, दोन्ही या बाबतीत सारख्याच त्रासदायक.

सोड्याची चिमूट हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय. सोडा पाण्याचा कल आंबटाच्या उलट दिशेला नेतो, त्यामुळे पेक्टिन झपाट्याने तुटतं. पण हात जरा जड पडला की दाण्याचा लगदा होतो, साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. ताजे मूग असतील तर सोड्याची गरज नसते. मिठाला मात्र उगाच दोष देतात. भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर त्यातलं सोडियम काही प्रमाणात कॅल्शियमची जागा घेतं आणि दाणा उलट लवकर मऊ होतो. मुंगोत मीठ शेवटी पडतं ते वेगळ्या कारणाने: मासळीचा खारटपणा उतरल्यावरच किती मीठ लागेल ते कळतं.

तेलात आधी कोण?

मूग एका पातेल्यात फुटेपर्यंत शिजले की दुसरीकडे गिनिसा सुरू होते. जुना शिरस्ता असा: आधी लसूण, मग कांदा, मग टोमॅटो.

लसूण ठेचला किंवा चिरला की त्याच्या पेशी फुटतात आणि आतापर्यंत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेले पदार्थ एकत्र येऊन उग्र वास तयार होतो. तेलात परतल्यावर उग्रपणा जातो आणि गोडसर खमंगपणा येतो. पण लसणात पाणी कमी असल्याने तो फार लवकर तांबूस होतो आणि पाठोपाठ करपून कडू होतो. म्हणून कडा सोनेरी झाल्या रे झाल्या की कांदा घालायचा. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. ते सुटलं की तेलाचं तापमान खाली येतं आणि लसूण करपायचा थांबतो. मग टोमॅटो, त्यात पाणी याहूनही जास्त. त्याच्या रसात कढईच्या तळाला लागलेला खमंग थर सुटून येतो.

टोमॅटो घाईने पुढे ढकलायचा नाही. फोडी पूर्ण मोडून, रस आटून, कडेने तेल दिसू लागेपर्यंत परतायचं. लसूण-कांद्याचे बरेचसे वास आणि टोमॅटोचा लाल रंग तेलात चांगले उतरतात. पाण्यात उकळून ते तसे उतरले नसते. आपली फोडणीही याच तत्त्वावर चालते. फक्त तिथे काम मोहरी-हिंगाकडे असतं, इथे लसूण-टोमॅटोकडे.

शिजलेले मूग पाण्यासकट या गिनिसात ओतायचे आणि मंद आचेवर दहा मिनिटं एकजीव होऊ द्यायचे. आता आंबटाची भीती नाही. पेशी केव्हाच सुटल्या आहेत. दाटपणा हवा असेल तर डावाच्या पाठीने काही मूग पातेल्याच्या कडेला दाबायचे. दाबल्याने पेशी फुटतात, आतलं पिष्ट बाहेर येतं आणि रस्सा आपोआप दाट होतो. वेगळं पीठ लावावं लागत नाही.

चमचाभर मासळीची करामत

मुंगोत मासळी थोडीच असते, पण ती वगळली तर पदार्थ एकदम सपक वाटतो. कुणी ‘तिनापा’ म्हणजे धुरावलेली मासळी कुस्करून घालतं, कुणी ‘हिबे’ म्हणजे सुकी कोळंबी. आपले सोडे हे या हिब्यांचेच भाऊ. शिवाय ‘पातिस’ असतं: लहान मासे भरपूर मिठात कित्येक महिने मुरवले की त्यांतली प्रथिनं विरघळून जो तांबूस, खारट रस निघतो तो. इलोकोस भागात माशांची आंबवलेली, दाट ‘बागोओंग’ जास्त चालते.

या सगळ्यांचं काम एकच, रुचकरपणा वाढवणं. गोड, आंबट, खारट, कडू यांखेरीज एक मांसल, भरीव चव असते. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ती ग्लुटामेट या द्रव्यामुळे येते हे दाखवलं आणि तिला ‘उमामी’ म्हटलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या माशात याच चवीचं दुसरं द्रव्य सापडलं, इनोसिनेट. पुढे कळलं की ही दोन द्रव्यं एकत्र आली की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कितीतरी पटीने वाढते.

मुंगोच्या पातेल्यात नेमकं हेच घडतं. परतून आटवलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट, पातिसमध्येही ग्लुटामेट. सुक्या माशात इनोसिनेट, आणि सुक्या कोळंबीत त्याच जातीचं आणखी एक द्रव्य. म्हणून मूठभर सोडे चार जणांच्या पातेल्याला पुरतात. सोडे टोमॅटोबरोबरच परतायचे, म्हणजे वशट वास उडून जातो आणि चव तेलात मुरते. शाकाहारी घरात सुके शिताके मशरूम भिजवून घालता येतात. त्यांतलं ग्वानिलेट टोमॅटोच्या ग्लुटामेटला अशीच साथ देतं.

पाल्याला दोन मिनिटं

शेवग्याचा पाला सगळ्यांत शेवटी. काही घरांत त्याऐवजी कारल्याचा कोवळा पाला घालतात. त्याचा कडवटपणा मुगाच्या गुळमट चवीला छेद देतो. मायाळू किंवा पालकही चालतो. पाला कोणताही असो, तो पडला की गॅस दोन मिनिटांत बंद.

हिरवा रंग ज्या क्लोरोफिलमुळे येतो त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आंबट आणि गरम रश्श्यात तो निसटतो आणि रंग मेंदीसारखा मळकट होतो. टोमॅटो आधीच पातेल्यात असल्याने इथे ही क्रिया लवकर होते. क जीवनसत्त्वही उष्णतेने कमी होत जातं, आणि मुंगोत त्याला खास महत्त्व आहे. मुगात लोह असतं, पण वनस्पतीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. फायटेट त्याला अडवतं. क जीवनसत्त्व हा अडथळा कमी करतं. मासळीचा छोटा वाटाही त्याच कामाला लागतो.

भाताशी जोडी आणि दुसऱ्या दिवशीचा घट्ट गोळा

मुंगो भाताबरोबर खातात, शेजारी बहुधा तळलेला मासा असतो. सुक्या मुगात सुमारे २४ टक्के प्रथिनं असतात. त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर, पण मेथिओनिन कमी. तांदळात नेमकं उलट. दोघांची उणीव परस्पर भरून निघते, वरण-भातात निघते तशीच.

उरलेला मुंगो फ्रीजमधून काढला तर चमचा उभा राहील इतका घट्ट झालेला असतो. मुगाच्या पिष्टात अमायलोज या सरळ साखळ्यांच्या घटकाचं प्रमाण जास्त असतं. थंड झाल्यावर या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि पाणी धरून घट्ट होतात. याच गुणामुळे मुगाच्या पिष्टाच्या काचेसारख्या शेवया उकळीतही तुटत नाहीत; फिलिपिन्समध्ये त्यांना ‘सोतांगहोन’ म्हणतात. घट्ट झालेल्या मुंगोत कढत पाणी घालून मंद आचेवर ढवळला की तो पुन्हा सैल होतो. पाला मात्र तोवर काळवंडलेला असतो; उरणार हे माहीत असेल तर तेवढा मुंगो पाला घालण्याआधीच बाजूला काढावा.

चौकट: क्रम एका नजरेत (चार जणांसाठी)

*साहित्य:* अख्खे हिरवे मूग १ वाटी, पाणी ५ वाट्या, तेल २ मोठे चमचे, लसूण ६-८ पाकळ्या, कांदा १, पिकलेले टोमॅटो ३, सोडे पाव वाटी, शेवग्याचा निवडलेला पाला २ वाट्या, मिरपूड, मीठ.

१. मूग निवडून, धुऊन नुसत्या पाण्यात शिजवा. पातेल्यात पाऊण तास, कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या. दाणे फुटायला हवेत. पाणी टाकू नका.

२. सोडे दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून निथळा.

३. तेलात ठेचलेला लसूण सोनेरी होऊ द्या, लगेच चिरलेला कांदा घाला.

४. कांदा पारदर्शक झाला की टोमॅटो आणि सोडे घालून तेल सुटेपर्यंत परता.

५. शिजलेले मूग पाण्यासकट ओता, काही दाणे डावाने दाबा, दहा मिनिटं मंद उकळा.

६. आता चव घेऊन मीठ आणि मिरपूड घाला.

७. पाला घाला, दोन मिनिटांनी गॅस बंद करा आणि लगेच गरम भातावर वाढा.